ताण नेमका कशाचा? विधी प्रवेश परीक्षेच्या तयारीतील एक प्रकरण

प्रस्तुत प्रकरण जून २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळातील असून ते एका विद्यार्थिनीच्या विधी प्रवेश परीक्षेच्या तयारीचे आहे. या काळात मी तिचा मार्गदर्शक होतो. तिची आणि तिच्या पालकांची संमती घेऊन हे लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. प्रकरण मांडण्याचे कारण असे की, परीक्षेच्या ताणाविषयी आपण बोलतो तेव्हा तो एक सर्वव्यापी ढग असल्यासारखे बोलतो, आणि म्हणून उपायही तसेच सुचवतो: प्राणायाम कर, सकारात्मक राहा, टेन्शन घेऊ नकोस. या मुलीच्या ताणाला मात्र अगदी ठरावीक ठिकाणे होती. ती सापडायला अडीच महिने लागले आणि त्यातला बराचसा विलंब माझ्यामुळे झाला.

विद्यार्थिनी बार्शी परिसरातील एका गावची. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे दहावीपर्यंत मराठी माध्यमाचे हायस्कूल, त्यानंतर अकरावीला कला शाखा. वडील आडत दुकानात दिवाणजी, आई अंगणवाडी सेविका. घरात वकील कोणी नाही. परंतु शेतीच्या वाटपाचा एक दावा तिच्या जन्माआधीपासून चालू असल्याने कोर्ट हा शब्द घरात रोजचा. लहानपणी आजोबांचे बोट धरून ती तारखेला जात असे आणि पुकारा होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून असे. पुढची तारीख मिळाली म्हणजे नेमके काय झाले, हे आजोबांना कधी कोणी समजावून सांगितले नाही, ही गोष्ट तिच्या मनात राहिली होती. वकील व्हायचे हा निर्णय तिचा होता, पालकांनी लादलेला नव्हता. हे मुद्दाम नोंदवतो, कारण अशा प्रकरणात पहिला संशय पालकांच्या दबावावर घेतला जातो आणि इथे तो चुकीचा ठरला असता.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तिच्यापुढे दोन परीक्षा होत्या. पहिली क्लॅट, जी राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा संघ घेतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्राच्या तिन्ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश याच परीक्षेतून होतात. दोन तासांत १२० प्रश्न, बरोबर उत्तराला १ गुण, चुकीला ०.२५ गुण वजा, आणि संपूर्ण प्रश्नपत्रिका इंग्रजीत. इंग्रजी, चालू घडामोडी व सामान्यज्ञान, विधिविषयक तर्क, सामान्य तर्क आणि प्राथमिक गणित असे पाच विभाग असले, तरी २०२० पासून जवळजवळ सगळे प्रश्न साडेचारशे शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांवर आधारलेले असतात. दुसरी परीक्षा राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची विधी सीईटी. ती संगणकावर होते, तिच्यात वजा गुण नाहीत आणि प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात. दोन्ही परीक्षा विधी प्रवेशाच्याच असल्या, तरी मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला त्या दोन वेगळ्या खेळांइतक्या निराळ्या वाटतात.

जूनमध्ये तिने पुण्यातील एका क्लासची ऑनलाइन बॅच लावली. शुल्कासाठी वडिलांनी पतसंस्थेचे कर्ज काढले. क्लासची शिस्त अशी की दर रविवारी सकाळी दहाला सराव परीक्षा आणि संध्याकाळी सातला व्हॉट्सॲप गटावर सगळ्यांचे क्रमांक. ऑगस्टमधील तिच्या पहिल्या तीन मॉकचे, म्हणजे सराव परीक्षांचे, गुण ४१, ४३ आणि ३८ असे होते. शनिवारी रात्रीपासून पोट दुखू लागे, रविवारी सकाळी जेवण जात नसे, आणि आठवड्यात तीन-चार वेळा पहाटे साडेतीनला जाग येऊन पुन्हा झोप लागत नसे.

त्या वेळी मी तिला सांगितले की सराव कमी पडतो आहे, आठवड्याला एकाऐवजी तीन मॉक दे. हा सल्ला चुकीचा होता. ताप आला आहे म्हणून दर तासाला थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही, ही साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिचे गुण जिथल्या तिथेच राहिले, वहीतले अक्षर बिघडले, आणि एका संध्याकाळी तिने फोनवर शांतपणे विचारले, “सर, मला इंग्रजी येतच नाही, हे मला कोणी आधी का नाही सांगितलं?”

त्या प्रश्नानंतर मी तिला सगळ्या मॉकच्या प्रश्नपत्रिका घेऊन बोलावले आणि आम्ही दोघांनी एक पूर्ण दिवस गुणांकडे न पाहता फक्त वेळेकडे पाहिले. मी घड्याळ लावून तिला एक उतारा वाचायला दिला. ओठ हलत नव्हते, पण प्रत्येक पूर्णविरामाशी नजर अर्धा क्षण थांबत होती. विचारल्यावर कळले की ती प्रत्येक वाक्य मनात मराठीत उतरवून घेते आणि मगच पुढे जाते. वाचनाचा वेग मिनिटाला ११० शब्दांच्या आसपास निघाला. क्लॅटच्या एका प्रश्नपत्रिकेत आठ हजार शब्दांचे वाचन धरले, तर या वेगाने निव्वळ वाचायलाच ७३ मिनिटे लागतात. ओएमआर उत्तरपत्रिकेवर बॉलपेनने एक गोल नीट भरायला तिला चार सेकंद लागत होते, म्हणजे १२० गोलांना ८ मिनिटे. उरली ३९ मिनिटे. एका प्रश्नाच्या वाट्याला वीस सेकंदही येत नाहीत. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा ती बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “म्हणजे मी ढ नाही, मला वेळच उरत नाही.” या संपूर्ण प्रकरणात तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी प्रथम पाहिला तो या क्षणी, आणि तोवर एकही उपाय सुरू झालेला नव्हता.

दुसरे ठिकाण वजा गुणांचे. एका मॉकमध्ये तिने ३४ प्रश्न कोरे सोडले होते. ते एकेक करून पुन्हा विचारले असता त्यांपैकी १६ प्रश्नांत चारपैकी दोन पर्याय चुकीचे आहेत हे तिला खात्रीने सांगता येत होते. उरलेल्या दोहोंपैकी एक डोळे मिटून निवडला, तरी सरासरीने प्रत्येक प्रश्नामागे ०.३७५ गुण पदरात पडतात, म्हणजे सोळा प्रश्नांचे ६ गुण. तिला मात्र असे वाटत होते की चुकीचे उत्तर देणे हा अपराध आहे आणि कोरे सोडणे हा सभ्यपणा. शाळेत चुकल्यावर उभे राहावे लागलेल्या मुलांच्या अंगात ही समजूत खोल गेलेली असते. तिच्याशी वाद घालून ती जात नाही, आकडे दाखवल्यावर थोडी सैल होते.

तिसरे ठिकाण मला अनपेक्षित होते. विधिविषयक तर्काच्या विभागात ती सर्वांत जास्त मेहनत घेत होती आणि तिथेच तिचे सर्वांत जास्त चुकत होते. क्लासच्या नोट्समधून तिने लॅटिन कायदेसूत्रांची लांबलचक यादी पाठ केली होती, शिवाय गाजलेले खटलेही. एका उताऱ्यात कल्पित नियम दिला होता की, अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्तीने आपल्या शिक्षणासाठी केलेला करार तिच्यावर बंधनकारक राहील, आणि प्रश्न त्या नियमावर होते. तिने पाचही उत्तरे ‘करार शून्य’, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने झालाच नाही, या गृहीतावर दिली, कारण १९०३ च्या मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, अज्ञानाचा करार मुळातच शून्य ठरवला, हे तिला पाठ होते. तिचे ज्ञान बरोबर होते आणि उत्तरे चूक. या परीक्षेला कायद्याचे पूर्वज्ञान लागत नाही. समोर ठेवलेला नियम, तो पटो वा न पटो, दिलेल्या घटनेला लावता येतो की नाही एवढेच तपासले जाते. पाठांतरावर वाढलेल्या विद्यार्थ्याला यात आपल्या कष्टांचा अपमान झाल्यासारखे वाटते, आणि ‘इतके करूनही येत नाही’ या वाक्याने ताण दुप्पट होतो. आम्ही ती यादी कपाटात ठेवली.

चौथे ठिकाण संध्याकाळी सातचे. गुणांपेक्षा क्रमांकाची वाट पाहणे तिला जास्त सोसत नव्हते. क्लासला विनंती करून तिचा क्रमांक गटावर न टाकता स्वतंत्र कळवण्याची व्यवस्था झाली. गट तिने आठवडाभर म्यूट केला आणि मग स्वतःहून सोडला.

एवढे झाल्यावर सगळे सुरळीत झाले असे नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका रात्री तिने आईला सांगितले की सगळे सोडून कुठेतरी निघून जावेसे वाटते. आईने दुसऱ्या दिवशी मला कळवले. अशा वाक्याचा अर्थ लावण्याचा अधिकार शिक्षकाला नाही, असे माझे ठाम मत आहे. ते वाक्य थकव्याचे असू शकते, तसेच त्याहून गंभीरही असू शकते, आणि फरक ओळखण्याचे प्रशिक्षण आपल्याकडे नसते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. फोन आईनेच लावला, नंतर मुलगी बोलली. तिकडून मिळालेल्या सल्ल्यानुसार ते सोलापूरला एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटले. त्यांनी सविस्तर विचारपूस केली, औषध दिले नाही, पण झोपेचे वेळापत्रक लिहून दिले: रात्री साडेदहाला अंथरूण, पहाटे जाग आली तरी पुस्तक उघडायचे नाही, दुपारी चारनंतर चहा नाही, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भेट. वडिलांना सुरुवातीला ही भेट नको होती. “वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला” हे नेहमीचे वाक्य त्यांच्याही तोंडून आले. मात्र दुसऱ्या भेटीला तेच तिला घेऊन गेले.

तयारीची पुढची मांडणी झोप सुधारत असताना केली. वाचनाच्या वेगासाठी मी एकच पद्धत वापरली, ती मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे. अपरिचित विषय आणि अपरिचित भाषा अशी दोन ओझी एकाच वेळी उचलायची नाहीत. विषय आधी मराठी वर्तमानपत्रातून समजून घ्यायचा, मग त्याच विषयावरचा इंग्रजी अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा, वाचताना मधे थांबायचे नाही, आणि शेवटी मराठीत एकाच ओळीत सार लिहायचे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या आठवड्यात तिने याच विषयावरचे इंग्रजी लेख इतक्या आवडीने वाचले की वहीत वेळ लिहायचाच विसरली. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब) विषयीचा निकाल दिला. खासगी मालमत्तेचा प्रत्येक प्रकार समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असे बहुमताने सांगणारा हा निकाल मुंबईतील दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या वादातून आलेला. त्यावरचा मराठी लेख तिने दोनदा वाचला आणि मग इंग्रजी उतारा तीन मिनिटांत संपवला. नोव्हेंबरच्या मध्यावर वेग मिनिटाला १६० शब्दांपर्यंत आला. त्याच हिशेबाने आता वाचनाला ५० मिनिटे आणि गोल भरायला ८ मिनिटे गेल्यावर ६२ मिनिटे उरत होती, म्हणजे प्रश्नामागे ३१ सेकंद.

मॉक आठवड्याला पुन्हा एकच केला आणि तो दुपारी दोनला ठेवला, कारण क्लॅट दुपारी दोन ते चार या वेळेत असते. जेवणानंतर येणारी पेंग हा परीक्षेचाच भाग आहे हे सकाळी दहाचा सराव करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. मॉकआधी दहा मिनिटे मनातली काळजी कागदावर लिहायची, ही एक गोष्ट मी जोडली. परीक्षेच्या लगेच आधी काळजी लिहून काढणाऱ्या, एरवी फार घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते, असे शिकागो विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळले होते. तिने लिहिलेली पाने मी वाचत नसे, ती लगेच फाडायची असाच करार होता. एक पान मात्र तिने स्वतः दाखवले. त्यावर मोठ्या अक्षरात एकच ओळ होती: “पप्पांचा हप्ता पाच तारखेला.”

ते पान पाहिल्यावर मी तिच्या परवानगीने वडिलांशी बोललो. त्यांनी एका रविवारी तिला समोर बसवून पतसंस्थेचे पासबुक दाखवले, किती फेडले, किती बाकी, आणि पगारातून हप्ता कसा जातो हे सांगितले. कर्ज तिने मनात कितीतरी मोठे करून ठेवले होते. घरातील पैशांचे व्यवहार मुलांपासून लपवले म्हणजे त्यांना त्रास होत नाही, हा आपल्या घरांतील समज या प्रकरणात तरी खोटा ठरला.

दिवाळीत तिने चार दिवस पूर्ण सुट्टी घेतली. त्यानंतर विधानसभा निवडणुकीचा प्रचार ऐन भरात आला आणि २० नोव्हेंबरच्या मतदानाआधी घरासमोरून दिवसभर भोंग्याच्या गाड्या फिरू लागल्या. सुरुवातीला तिची चिडचिड झाली, पण परीक्षा केंद्रावरही शांतता मिळेलच असे नाही, असे म्हणून तिने त्यातलाच एक मॉक खिडकी उघडी ठेवून दिला. त्यात ६६ गुण पडले.

१ डिसेंबर २०२४ च्या परीक्षेसाठी ती आदल्या दिवशी एसटीने पुण्याला आत्याकडे गेली. परीक्षेत तिसऱ्या उताऱ्यापाशी छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा ठरल्याप्रमाणे तिने पेन खाली ठेवले, वीस सेकंद श्वास सावकाश सोडला आणि तो उतारा सोडून पुढच्याकडे गेली. गुण ७२.५ मिळाले. पेपर तुलनेने सोपा असल्याने इतरांचेही गुण चढले होते, आणि ७ डिसेंबरच्या निकालावरून महाराष्ट्राच्या तिन्ही विद्यापीठांत प्रवेश मिळण्याची शक्यता कमी दिसत होती.

यानंतरचा काळ कोणाच्याच नियोजनात नव्हता. २० डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने क्लॅटच्या उत्तरतालिकेतील दोन उत्तरे चुकीची ठरवली, वेगवेगळ्या राज्यांतील याचिका पुढे दिल्लीत एकत्र आल्या, २३ एप्रिल २०२५ ला खंडपीठाचा निकाल आला आणि ७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यात फेरफार केला. न्यायमूर्ती भूषण गवई, जे आठवड्याभरातच सरन्यायाधीश झाले, त्या पीठावर होते. पाच महिने हजारो मुलांचे क्रमांक अधांतरी राहिले. आपली चूक नसताना ताटकळणे हा ताणाचा वेगळाच प्रकार आहे, आणि त्यावर अभ्यासाची कोणतीही युक्ती चालत नाही. ११ फेब्रुवारीला बारावीची परीक्षा सुरू व्हायची होती. आम्ही ठरवले की क्लॅटची बातमी फक्त आईने पाहायची, तीही रविवारी एकदा, आणि सांगण्यासारखे असेल तरच सांगायचे. मुलीने हे शब्दशः पाळले. आजोबांबरोबर तारखांना गेल्यामुळे न्यायालयाला वेळ लागतो हे मला माहीत होते, असे ती पुढे म्हणाली.

सुधारित निकालानेही तिला राष्ट्रीय विधी विद्यापीठात जागा मिळाली नाही. ती दोन दिवस रडली, आणि त्यावर काही बोलण्याची गरज मला वाटली नाही. दरम्यान एप्रिलच्या अखेरीस तिने राज्याची विधी सीईटी दिली होती. या वेळी शनिवार-रविवारची पोटदुखी नव्हती आणि झोप नेहमीसारखी लागली होती. बारावीचा निकाल ५ मे रोजी चांगला लागला. सीईटीच्या गुणांवर तिला पुण्यातील एका जुन्या विधी महाविद्यालयात पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. कागदपत्रे जमा करून ती मला भेटायला आली, तेव्हा मी सहज विचारले की सीईटीला मराठी प्रश्न वाचलेस की इंग्रजी. तिने क्षणभर आठवून पाहिले. “इंग्रजीच वाचत होते सर. मराठीकडे चार वेळा पाहिलं,” ती म्हणाली, “त्यातही दोनदा नुसतं बरं वाटावं म्हणून.”